थोडी माया ठेवा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त क्लब हाऊसमध्ये झालेल्या ‘आपलेच वक्ते’ या मालिकेतील भाषणाचे शब्दांकन. वक्ते लक्ष्मी रोडवरील एका साड्यांच्या दुकानात चौतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले आहेत.)



सांस्कृतिक समितीने मला ‘कपड्यांवर बोला’ असं सांगितलं. आता चौतीस वर्षं मी दुसरं केलं तरी काय? पण ते गादीवर बसून, समोर पाचपन्नास साड्यांच्या घड्या मोडलेल्या असताना. आज समोर साडी नाही, हातात माइक आहे. हातांना काय करावं ते समजत नाहीये. तेव्हा जरा सांभाळून घ्या.

विषय मीच निवडला. आपल्या मुलांची इंडिया ट्रिप आणि त्यात होणारी कपड्यांची खरेदी. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा पार्किंगमध्ये सायकली फिरवणारी जी पोरं होती, त्यातली निम्मी आज बाहेर आहेत. कुणी न्यू जर्सीला, कुणी टोरांटोला, कुणी म्युनिकला, कुणी सिडनीला. डिसेंबर उजाडला की आपल्या गेटवर रात्री दोन वाजता टॅक्सी थांबायला लागतात. वॉचमनकाका न विचारताच लिफ्टचा दरवाजा धरून ठेवतात. सकाळी जिन्यात इंग्रजी ऐकू आलं की आपल्याला कळतं, अमक्यांची नातवंडं आली.

ही मंडळी येतात किती दिवस? अडीच आठवडे, फार तर तीन. त्यातले दोन दिवस झोपेचं गणित जमवण्यात जातात. मग दाताचा डॉक्टर, बँकेतली कामं, कुलदैवत, मावशी, आत्या, एखादं लग्न. आणि या सगळ्यात एक दिवस असतो ‘शॉपिंग’चा. बहुतेक वेळा तो शेवटून दुसरा दिवस असतो. त्या दिवशी सहा माणसं, त्यात एक झोपेला आलेलं मूल, अशी वरात आमच्या दुकानात यायची. मी ती चौतीस वर्षं पाहिली. नंतर मीही त्या वरातीत आजोबा म्हणून सामील झालो. दोन्ही बाजूंनी पाहिलेलं असल्यामुळे चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. बाहेरून आलेलं कुटुंब दुकानात शिरलं की विक्रेत्याला ते पायरीवरच कळतं. पायात जाड तळव्याचे बूट, हातात पाण्याची स्वतःची बाटली, आणि किंमत ऐकल्यावर वर छताकडे बघून मनातल्या मनात केलेला भागाकार. तो डॉलरचा भागाकार झाला की किंमत एकदम लहान वाटायला लागते. मग ‘अरे, एवढंच ना, घे’ असं होतं. चांगला विक्रेता अशा वेळी वरच्या फळीवरचा माल काढतो. त्यात फसवणूक नाही, तो धंदाच आहे. पण तुम्ही काय करायचं ते ऐका. दुकानात शिरताच आपला आकडा सांगून टाका. ‘इतक्यापर्यंत दाखवा आणि रोज नेसता येईल असं दाखवा.’ हे दुसरं वाक्य फार महत्त्वाचं. रोज म्हणजे शब्दशः रोज नव्हे, पण वर्षातून चारदा तरी. कारण मी अशा कितीतरी बायका पाहिल्या आहेत, ज्या दोन वर्षांनी पुन्हा आल्यावर म्हणायच्या, ‘मागच्या वेळची अजून नेसायचीच आहे हो, घडीसुद्धा मोडली नाही.’

घडी न मोडलेली साडी म्हणजे सामान. तेवीस किलोच्या बॅगेतलं दीड किलो सामान. ती आपली व्हायची तर अंगाला लागावी लागते.

दुसरी गोष्ट भाषेची आहे. तुमच्या नातवंडांच्या तोंडी कधी ऐकलंत? ‘मी साडी घातली.’ आपल्याला ते खटकतं, आपण हसतो आणि सोडून देतो. पण जरा विचार करा. आपल्या भाषेत साडी नेसतात, धोतर नेसतात. कुडता घालतात. फेटा बांधतात. पदर घेतात, उपरणं घेतात. शाल पांघरतात. बुगडी घालतात, कुंकू लावतात, गजरा माळतात. प्रत्येक वस्तूला स्वतःचं क्रियापद आहे. का? कारण प्रत्येकाची कृती वेगळी आहे. कुडत्यात नुसतं डोकं घातलं की काम झालं. साडी तशी नाही. ते पाच-साडेपाच मीटरचं सरळ कापड आहे, त्याला ना गळा ना बाही. नेसणाराच्या हातांनी रोज नव्याने त्याचा पोशाख होतो. म्हणजे आपण साडी विकत घेतो तेव्हा अर्धाच पोशाख घेतो. उरलेला अर्धा म्हणजे नेसण्याची कला. ती दुकानात मिळत नाही, ती घरात असते. आजीच्या, आईच्या, मामीच्या हातात असते. आणि मंडळी, आपण खरेदीला अख्खा दिवस देतो आणि ही कला शिकवायला अर्धा तासही देत नाही. आता तर शिवलेली नऊवारी मिळते, सलवारीसारखी चढवली की झालं. मी तिला नावं ठेवणार नाही. लहान मुलींना शाळेच्या कार्यक्रमासाठी ती सोयीची आहे. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला एकदा तरी खरी नऊ वार हातात द्या. सव्वाआठ मीटर कापड. कमरेला गाठ कुठे मारायची, निऱ्या किती घ्यायच्या, काष्टा मागे कसा खोचायचा, हे तिला स्वतःला करू द्या. सुटेल, पुन्हा नेसेल. हसेल, तुम्हीही हसाल. त्या एका दुपारची बरोबरी दुकानातले चार तास करू शकत नाहीत.

आता तिसरी गोष्ट, काय घ्यावं. इथे मी थोडा माझ्या धंद्यावर येतो.

सगळ्यांना पैठणी हवी असते. ‘मुलीला एक पैठणी द्यायचीय’ हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. द्या, जरूर द्या. पण काय देताय ते ओळखून द्या. हातमागावरची पैठणी येवल्याला आणि पैठणला होते. तिला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालेलं आहे. तिच्या पदरावरची नक्षी विणताविणताच भरतात. प्रत्येक रंगाच्या रेशमाची वेगळी छोटी कांडी असते आणि तो तो रंग तेवढ्याच जागेत फिरवून शेजारच्या धाग्यात अडकवतात. त्यामुळे अस्सल पैठणीचा पदर उलटा करून पाहिलात तर मोर, पोपट, कमळ उलट बाजूलाही तसेच साफ दिसतात. यंत्रमागावरच्या पदराच्या मागे धागे एका नक्षीपासून दुसऱ्या नक्षीपर्यंत लोंबत गेलेले दिसतात, नाहीतर कापून टाकलेले असतात. ही परीक्षा कुणालाही करता येते. दुकानात लाजू नका. ‘पदर उलटा करून दाखवा’ म्हणा. चांगला दुकानदार खूश होईल, जाणकार गिऱ्हाईक आलं म्हणून.

यंत्रमागाची पैठणी वाईट का? मुळीच नाही. काही हजारांत मिळते, हलकी असते, हळदीकुंकवाला छान दिसते. फक्त तिला हातमागाची म्हणून हातमागाचे पैसे देऊ नका. जरीचंही तसंच. पूर्वीच्या खऱ्या जरीत चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असे, म्हणून आजीचा जुना शालू मोडीत घेणारे दारावर येत. आज बहुतेक साड्यांत ‘टेस्टेड’ जर असते, म्हणजे आत तांब्याची तार, किंवा मग निव्वळ प्लॅस्टिकची चमक. प्रश्न विचारा, बिलावर लिहून घ्या.

दोन खुणा लक्षात ठेवा. एक ‘सिल्क मार्क’. ही २००४ पासून आहे, केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने सुरू झालेली. शुद्ध रेशमाची खूण. दुसरी ‘हँडलूम मार्क’, २००६ पासून. ही हातमागाची खूण. लक्षात घ्या, दोन्ही वेगवेगळ्या आहेत. शुद्ध रेशीम यंत्रमागावरही विणता येतं आणि हातमागावर सुतीही विणतात. एका लेबलावरून दुसऱ्याचा अर्थ काढायचा नाही. लेबल नसेल आणि शंका असेल तर साडीच्या कडेचे दोन धागे मागून घ्या, घरी काडी लावून बघा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चिमटीत भुरभुरीत होते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याचा कडक मणी होतो. हा प्रयोग नातवंडांसमोर करा, फार आवडतो. मात्र मोरीत करा आणि काडीपेटी आपल्या हातात ठेवा.

पण माझं ऐकाल तर तिकडे राहणाऱ्या मुलांना आधी पैठणी नको. आधी इरकल घ्या. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावची ही साडी. आपल्या आज्या-पणज्यांनी शेतात, स्वयंपाकघरात, गाडीच्या धक्क्यांत ती नेसली. लाल रेशमी पदर, त्यावर पांढरे पट्टे, अंग सुती किंवा सुती-रेशमी. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगळे असतात आणि ते मागावरच एकमेकांत अडकवून जोडतात. ही साडी सुटत नाही, घसरत नाही, नवशिक्या हातांत राहते. फक्त पहिली दोन-तीन धुणी वेगळी, नाहीतर जावयाचे पांढरे शर्ट गुलाबी होतात. तशीच नारायणपेठ. ती आता तेलंगणात, पण पुण्या-सोलापूरच्या बायकांनी तिला कधी परकं मानलं नाही. आपल्याकडच्या विदर्भातली करवतकाठी आहे. टसरचं अंग आणि काठाला करवतीचे दाते. तिकडच्या ऑफिसातल्या दिवाळीलासुद्धा शोभून दिसते.

आणि खण. गुळेदगुड्डचा खण. ज्याचा त्रिकोण करून आपण ओटी भरतो, तो. आता त्याचे कुडते, जाकिटं, पर्सा, सगळं निघालंय. तिकडे जीन्सवर खणाचं जाकीट घातलं तर कुणी ‘कुठल्या नाटकात काम करतेस’ असं विचारत नाही. मला तेच महत्त्वाचं वाटतं. मुलाला सोंग घेतल्यासारखं वाटलं की तो कपडा मेला. मुलग्यांचंही तेच. भरजरी शेरवानी चढवलेला आठ वर्षांचा पोरगा मांडवात सतत मान खाजवत असतो. त्याला मऊ सुती कुडता द्या, डोक्याला फेटा द्या आणि फेटा बांधताना आरशासमोर उभा करा. फेट्याचे वेढे पाहताना तो स्वतःहून ताठ उभा राहतो, मान खाजवत नाही.

सुनेबद्दलही सांगतो. आपल्या काही घरांत आता परदेशी सुना आहेत, काही परप्रांतीय आहेत. त्यांना घेऊन दुकानात गेलात की सगळं दुकान त्यांच्याभोवती गोळा होतं. ‘मॅडम, हे ट्राय करा, मॅडम, फोटो घ्या.’ त्या बिचाऱ्या अवघडतात. ‘नको’ म्हटलं तर सासूबाईंना वाईट वाटेल म्हणून ‘हो’ म्हणतात. अशा वेळी सासूने एक करावं. आदल्या दिवशी आपलं कपाट उघडावं. स्वतःच्या दहा साड्या पलंगावर टाकाव्यात आणि म्हणावं, ‘यातली कुठली आवडते?’ रंग कळतो, पोत कळतो, काय नको तेही कळतं. बऱ्याचदा तिला नवी नकोच असते, तुमचीच एखादी हवी असते. तिच्यात तुमचा वास असतो. तसं झालं तर खुशाल द्या. पैसे वाचले.

आता चौथी गोष्ट, वेळेची. या भाषणाचं शीर्षक त्यातून आलंय. कपडा शिवायला टाकला की शिंपी शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडतो. त्याला तो ‘माया’ म्हणतो. इंच-दीड इंच. पुढे अंग भरलं तर शिवण उसवून कपडा मोठा करता येतो. वाढत्या मुलीच्या परकराला खाली दोन-तीन टक घातलेले असतात, दरवर्षी एक सोडायचा. पोलक्याच्या बगलेत माया ठेवायची. या मायेपोटी एक परकर-पोलकं तीन संक्रांती जातं. आजकाल तयार कपड्यात ही माया नसते, कापड वाचवायचं असतं ना. म्हणून सांगतो, परदेशी जाणाऱ्या नातवंडांचे कपडे शक्य तर शिवून घ्या. त्यांची पुढची भेट दोन-तीन वर्षांनी होणार आणि मूल दोन-तीन वर्षांत वीतभर वाढणार.

तीच माया दिवसांतही ठेवा. मोजमापं ते यायच्या आधी फोनवर मागवा. छाती, खांदा, कंबर, उंची, पाच मिनिटांचं काम आहे. ते आल्यापासून चार दिवसांत खरेदी उरका. शिंप्याची तारीख खरेदीच्या आधी घ्या, नंतर नाही. डिसेंबरात लग्नसराई असते आणि कुठलाही शिंपी ‘परवा देतो’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ पुढचा आठवडा असतो. फॉल-पिकोला दोन दिवस धरा. आणि कपडे हातात आले की ते बॅगेत भरायच्या आधी इथेच एकदा नेसा. आपल्या हॉलमध्ये, आजीसमोर. काय टोचतं, काय सैल आहे ते कळेल. शिकवायला माणूस जवळ असेल. साध्या वरणभाताच्या जेवणाला नेसा, निमित्त कशाला हवं?

माझ्या घरचं सांगतो. माझी मुलगी कॅनडात असते. दोन वर्षांपूर्वी आली, तेव्हा नात अकरा वर्षांची होती. मी साड्या विकायचो हे तिला माहीत होतं. तिने विचारलं, ‘आजोबा, तुम्ही विकायचा. पण करायचं कोण?’ चौतीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही गिऱ्हाइकाने विचारला नव्हता. मी म्हटलं, चल, दाखवतो. पुण्याहून अहिल्यानगर, कोपरगाव करत येवल्याला गेलो. जायला पाच-साडेपाच तास लागले, पोरगी गाडीत एकदा ओकली, मुलगी माझ्यावर चिडली. पण तिथे एका घरात शिरलो. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत स्वयंपाक, मध्ये एक पाळणा. विणकर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. शेजारी त्यांच्या पत्नी कांड्या भरत होत्या. नक्षी दाट असली की दिवसभरात पदर चार-दोन बोटंच पुढे सरकतो. नात अर्धा तास बघत उभी राहिली. तिचा हात धरून त्यांनी एकदा कांडी फिरवू दिली.

परत निघताना ती मला म्हणाली, ‘चित्रावर चित्रकाराचं नाव असतं. यांचं नाव साडीवर का नाही?’

मंडळी, मी गप्प बसलो. काय उत्तर देणार? २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशभरात सुमारे पस्तीस लाख हातमाग कामगार नोंदले गेले. त्यात सत्तर टक्क्यांहून जास्त बायका आहेत. ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन आपण २०१५ पासून पाळतो, १९०५ सालच्या स्वदेशी चळवळीची आठवण म्हणून. हे सगळं ठीक आहे. पण साडीच्या घडीवर दुकानाचं नाव असतं, विणणाऱ्याचं नसतं. नातीने मग स्वतःच एक केलं. त्या घरातून आम्ही मुलीसाठी साडी घेतली, तिच्या घडीत तिने एक चिठ्ठी ठेवली. विणणाऱ्यांचं नाव, त्यांच्या पत्नीचं नाव, गाव, तारीख. तिच्या वाकड्यातिकड्या देवनागरीत, रविवारच्या मराठी शाळेत शिकलेल्या. ती चिठ्ठी साडीबरोबर टोरांटोला गेली.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, प्रत्येक चांगल्या कपड्याबरोबर चिठ्ठी ठेवा. कुठे घेतला, कुणी दिला, कधी नेसला. विणकराचं नाव कळलं तर तेही. पन्नास वर्षांनी कपाट उघडणाऱ्याला नुसतं रेशीम सापडलं तर ते तो विकून टाकेल. चिठ्ठी सापडली तर थांबेल.

आणखी एक प्रसंग, आपल्याच सोसायटीतला. ‘बी’ विंगमधल्या आपल्या काकूंची परवानगी घेऊन सांगतोय. त्या समोर बसल्यात आणि माझ्याकडे डोळे वटारून बघतायत. काकूंचं वय त्र्याऐंशी. हात थरथरतात, म्हणून त्या स्वतः आता गाऊनच घालतात. पाच वर्षांनी मुलगा आला, नात सतरा वर्षांची. सुटी दोनच आठवड्यांची. काकू म्हणाल्या, ‘मला दुकानात नका नेऊ, मला जिना चढवत नाही.’ मग खरेदी झालीच नाही. काकूंनी ट्रंकेतलं आपलं हिरवं लुगडं काढलं. स्वतः खुर्चीत बसल्या आणि तोंडाने सांगत गेल्या. ‘अगं, आधी गाठ. डावीकडे नको, उजवीकडे. निऱ्या मोज. आता वाक. काष्टा ओढ, लाजू नकोस.’ तीन दुपारी हा क्लास चालला. शेजारच्या दोन मुलीही येऊन बसल्या. चौथ्या दिवशी ती मुलगी स्वतः नेसून खाली गेटपर्यंत जाऊन आली. ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

पुढच्या पाडव्याला तिने तिकडून फोटो पाठवला. कुणाच्याही मदतीशिवाय नेसलेली. काकूंनी फोन डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला. मी शेजारी होतो. माझी व्यावसायिक नजर, मला लगेच दिसलं, निऱ्यांची तोंडं उलटी होती. मी म्हणणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, ‘निऱ्या उलट्या झाल्यात. असू दे. नेसली ना.’

मंडळी, मुलं पुन्हा येतील तेव्हा आपले हात असेच चालतील का, जिना चढवेल का, हे आपल्याला माहीत नाही. ते येतील तेव्हा दुकानं असतील, मॉल असतील, साड्याही असतील. नेसवणारी आजी असेलच असं नाही. म्हणून या वर्षी खरेदी थोडी कमी करा आणि शिकवणं थोडं जास्त करा, एवढंच माझं मागणं आहे.

थोडं जपणुकीचं सांगून थांबतो. रेशमी, जरीची साडी मऊ सुती फडक्यात गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवर जर मोडते. अत्तर, सेंट जरीवर मारू नका. डांबरगोळी कापडाला टेकवू नका. आणि सर्वांत चांगली जपणूक म्हणजे वापरणं.

शेवटी एक निरोप. कमिटीने परवानगी दिली आहे. डिसेंबरातल्या दर शनिवारी दुपारी चार वाजता या क्लब हाऊसमध्ये आमची सौ. आणि बी विंगच्या काकू मुलामुलींना नेसायला शिकवणार आहेत. मी फेटे बांधायला आहेच. बाहेरून आलेल्या नातवंडांना आणा, इथल्यांनाही आणा. त्यांनाही येत नाही, मी पाहिलंय. आपापल्या घरचं एखादं जुनं लुगडं, धोतर, जे असेल ते घेऊन या. आणि येताना सेफ्टी पिना आणा. त्या नेहमी कमी पडतात.

सोसायटीला पंचवीस वर्षांच्या शुभेच्छा.